सा कोणाचा? पुण्यातल्या एका संयुक्त गानवृंदाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेला पन्नास वर्षं होत होती. डिसेंबरातल्या समारंभात समूहगान हवं, असं जुलैतच ठरलं. शाळेकडून सातवी ते नववीची ३८ मुलं निवडली गेली: २४ मुली, १४ मुलगे. त्यांच्या जोडीला कोथरूडमधला एक हौशी वृंद आला. त्यात १७ बायका आणि ५ पुरुष, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, काही याच शाळेचे माजी विद्यार्थी. सगळे मिळून ६० गळे. शाळेच्या संगीतशिक्षिका शास्त्रीय गाणं शिकलेल्या होत्या. वृंदाचे संचालक सर भजनी मंडळात तयार झालेले. गाण्याचं संयोजन, म्हणजे कोणत्या गटानं कोणते स्वर गायचे याची आखणी, करणारा तरुण पियानो आणि चर्चमधल्या वृंदगायनावर वाढलेला. तिघांचेही कान तयार होते, फक्त तिघांना ऐकू येणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या होत्या. या प्रकरणातले निम्मे पेच तिथूनच आले.

गाणी तीन होती. राज्यगीत सगळ्यांनी एका सुरात गायचं. भूप रागातली एक सरगम तीन गटांनी आठ-आठ मात्रांच्या अंतरानं एकामागोमाग सुरू करायची. आणि तुकोबांचा एक अभंग, एकाच वेळी निरनिराळ्या ओळी गात, म्हणजे शब्द तेच पण प्रत्येक गटाचे स्वर वेगळे. पहिल्या दोन गाण्यांनी फारसा त्रास दिला नाही. इथे मुख्यतः अभंगाचंच सांगायचं आहे.

चालीचा निर्णय आधी झाला आणि तो शहाणपणाचा होता. तुकोबांच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही, पण रेकॉर्डवरच्या गाजलेल्या चाली संगीतकारांच्या आहेत. भारतीय कायद्यानुसार संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालीवर हक्क राहतो, आणि चालीचं संयोजन करणं हेही कायद्याच्या भाषेत रूपांतरच आहे. शाळेच्या कार्यक्रमात फक्त शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांपुढे गायला कायद्यात सवलत आहे. पण त्याच गाण्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा म्हटलं की ती सवलत पुरत नाही, आणि व्हिडिओ तर टाकायचाच होता. म्हणून बाईंनी भूपात, भजनी ठेक्यात बसेल अशी नवी चाल बांधली.

अडचण

पहिल्या एकत्र तालमीत सगळ्यांना फक्त सा लावायला सांगितला, आणि तीन वेगळे सा लागले. बायकांनी सवयीची काळी ५, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी, धरली. पुरुष काळी १ वर गेले. मुली दोन्हीच्या मध्ये कुठेतरी. मुलग्यांपैकी अर्धे गप्प बसले, उरलेले पुरुषांच्या आवाजाची नक्कल करत घशातून घुमू लागले.

आपल्याकडे एकटा गाणारा स्वतःची पट्टी, म्हणजे सा कुठे ठेवायचा ते, स्वतः ठरवतो. साधारणपणे बायकांचा सा काळी ४-५ ला, पुरुषांचा काळी १-२ ला. मधे चार-पाच स्वरांची दरी. समूहगानात सगळ्यांना एकच पट्टी लागते, आणि कुठलीही धरली तरी कोणाचा ना कोणाचा गळा अडचणीत येतोच. त्यात इथे १२ ते १५ वयाचे मुलगे होते, म्हणजे नेमके आवाज फुटण्याच्या वयातले.

संयोजकाचा पहिला आराखडा चार ओळींचा होता, पांढरी १ मध्ये. वरच्या ओळीला तार (वरच्या सप्तकातला) गंधार होता. वृंदातल्या बायकांना तो लागायचा, पण गळ्याच्या शिरा ताठ करून. शिवाय प्रत्येक चरणाच्या शेवटी त्यानं खालच्या ओळींना मध्यम आणि निषाद दिले होते, पाश्चात्त्य पद्धतीनं गाणं ‘घरी’ आणायला. बाईंनी तिथेच वही मिटली. भूपात म आणि नी नाहीत. ते आले की चाल भूपाची राहत नाही, आणि ऐकणाऱ्यांना कारण कळलं नाही तरी काहीतरी बिनसल्याचं कळतं.

आवाज तपासणी

पर्याय ठरवण्याआधी १४ मुलग्यांची एकेकटं तपासणी केली. पद्धत सोपी, प्रत्येकी चार-पाच मिनिटांची. मुलाला वीसपासून उलटे आकडे बोलायला लावायचे. उलटे मोजताना लक्ष आकड्यांकडे असतं, त्यामुळे तो आवाज बनवून बोलत नाही. त्याचा बोलण्याचा सूर पेटीवर शोधायचा. मग ‘ऊ’वर आवाज वरून खाली आणि खालून वर घसरवत न्यायचा, आणि तळ कुठे, फाटतो कुठे, फाटल्यावर पुढे पुन्हा सापडतो का, हे तिन्ही लिहून ठेवायचं. अमेरिकेतले संशोधक जॉन कुकसी यांनी १९७० च्या दशकात मुलग्यांच्या आवाजबदलाचे टप्पे मांडले. त्या पायऱ्यांशी हे ताडून पाहिलं. आवाज एका रात्रीत उतरत नाही. आधी वरचे स्वर हवेशीर होतात, मग मधे एक अरुंद पट्टा उरतो, आणि शेवटी खाली नवं घर सापडतं, तेही सुरुवातीला पाच-सहा स्वरांचंच.

जुलैत पाच मुलगे न बदललेले, सहा मधल्या अवस्थेत, तीन बदललेले निघाले. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा तपासलं तेव्हा आकडे तीन, सहा, पाच झाले होते.

सगळ्यात मोठा गोंधळ मधल्या सहांचा असतो. आठवीतला एक मुलगा गंधारापर्यंत नीट यायचा, पंचमाला आवाज फाटायचा, आणि मग तो सतरंजीकडे बघत नुसते ओठ हलवायचा. शेजारच्या काकांनी प्रेमानं सांगितलं, “अरे, वर नको जाऊस, माझ्याबरोबर खालचा प धर.” बाईंनी लगेच अडवलं: “काका, त्याला खालचा प अजून लागत नाही. सा हाच त्याचा तळ समजा.” काकांचा सल्ला सगळीकडेच दिला जातो आणि सगळीकडेच चुकतो. आवाज फुटतोय म्हणजे मुलगा लगेच पुरुषांच्या ओळीत जातो असं नाही. तिथे ढकललं तर तो खालचे स्वर घसा दाबून काढायला लागतो, आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही.

पर्याय

चार गोष्टी चर्चेत आल्या.

मुख्याध्यापकांची सूचना: मुलग्यांना टाळ आणि ढोलकी द्या, गातील मुली. दिसायला छान आणि बसवायला सोपं. पण मुलग्यांनी गाणं सोडायचं वय हेच असतं. या वयात हातात टाळ देऊन बसवलेला मुलगा गाण्याकडे परत यायची शक्यता कमीच. बाई यावर अडून बसल्या.

दुसरा पर्याय, सगळं एका सुरात. वाईट नाही, उलट पन्नास-साठ जणांनी खरोखर एका सुरात गाणं हेच अवघड काम आहे. पण अभंगाची चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापासून तार गंधारापर्यंत जात होती. एवढा पल्ला मधल्या अवस्थेतल्या एकाही मुलाकडे नव्हता.

तिसरा, मूळ चार ओळी. पुरुषांचे गळे पाच आणि बदललेले मुलगे तीन. त्यांच्या दोन ओळी पाडल्या तर प्रत्येकीत चार जण. रविवारी दोघं गैरहजर राहिले की ओळ संपली.

चौथा, तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीचा पल्ला कागदावरून न ठरवता तपासणीच्या वहीवरून ठरवायचा. तो निवडला.

पट्टीचा निर्णय

सरांनी भजनातली जुनी युक्ती सुचवली. पुरुषांची काळी १ असेल तर तिचा पंचम म्हणजे काळी ४. बायकांचा सा काळी ४ वर ठेवा, पुरुष आपल्या पंचमाला सा मानून गातील. म्हणजे पुरुषांना ना खाली खोल जावं लागेल, ना वर ओरडावं लागेल.

ओळी अशा आखल्या. वरची ओळ: मुख्य चाल, सा ते तार ग, २० मुली, न बदललेले मुलगे आणि वरचा गळा मोकळा असलेल्या पाच बायका. मधली ओळ: सा ते ध, फक्त सहा स्वरांची उंची, बारा बायका, चार मुली आणि मधल्या अवस्थेतले सहा मुलगे. खालची ओळ: मंद्र प ते मध्य ग, पाच पुरुष आणि बदललेले मुलगे. चालीत जिथे मंद्र धैवत येतो तो तुकडा मधल्या ओळीतल्या बायकांना दिला आणि तेवढ्यापुरते मुलगे सा धरून थांबतात. ही तडजोड कोणाच्या लक्षातही आली नाही.

म आणि नी वगळल्यावर संयोजकाकडे उरले पाच स्वर. सा-ग-प आणि ध-सा-ग अशा दोनच पक्क्या जुळण्या त्यातून मिळतात. मग चरणाचा शेवट खालच्या ओळीनं पंचम धरून ठेवायचा आणि वरच्यांनी रे वरून सा वर यायचं, असा केला. एकदा त्यानं दुसऱ्या अंतऱ्यात खालच्या ओळीला सलग आठ मात्रा धैवतावर बसवलं. तो स्वर खाली इतका ठाम वाजला की कान त्यालाच सा मानू लागला, आणि भूपाचा धानी राग झाला. वरच्या ओळीतही धैवतावर जास्त रेंगाळलं तर देशकार रागाची छाया पडते, कारण स्वर तेच, पण भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार आणि देशकारात धैवत. शेवटी नियम केला: खालच्या ओळीनं धैवतावर दोन मात्रांपेक्षा जास्त थांबायचं नाही.

गणपती, आणि बसलेले घसे

ऑगस्टपासून तालमींना खिंडार पडलं. सात मुलगे आणि पाच मुली ढोल-ताशा पथकात होत्या. संध्याकाळी नदीकाठी सराव, ढोलांच्या वर आवाज काढून एकमेकांना हाका, आणि दुसऱ्या दिवशी गाण्याच्या तासाला खरखर. पुण्यात मुलांना ‘पथक सोडा’ म्हणणारा शिक्षक मुलं गमावतो, आणि तसं म्हणायचं कारणही नव्हतं. त्या काळात पथकातल्या मुलांनी तालमीला यायचं, पण गायचं नाही. ठेका, शब्द आणि चरणांचे शेवट तेवढे शिकायचे. अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभर कोणालाच तार सप्तकात नेलं नाही. हा वेळ वाया गेला नाही, कारण शब्दांचं काम तसंही राहिलं होतं. अभंगाच्या मोठ्या छंदात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात, आणि गाताना शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारायचं असतं. निम्मी मंडळी बोलल्यासारखा शेवटचा ‘अ’ गिळायची, निम्मी गायची. साठ जणांत ते अडखळल्यासारखं ऐकू येतं. चौथ्या चरणातल्या चार अक्षरांनंतर दम घ्यायला आपोआप जागा मिळते. तिसऱ्यानंतर कोणीही श्वास घ्यायचा नाही, हे पेन्सिलीनं वहीत लिहून घेतलं.

सूर उतरण्याचा प्रश्न

दिवाळीनंतर तिन्ही ओळी एकत्र आल्या आणि खरी डोकेदुखी सुरू झाली. पेटी बंद करून गायला लावलं की तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत सगळा वृंद जवळजवळ अर्धा स्वर खाली. संचालकांनी ‘सूर धरा, सूर धरा’ असं सांगून काही होत नव्हतं. ते कधीच होत नाही.

कारणं एकेक करून शोधली. पहिलं कारण बसण्याचं होतं. तालीम सतरंजीवर, आणि मोठ्यांपैकी बरेच जण गुडघ्यांमुळे भिंतीला टेकून. पोट दबलेलं, दम अर्धा. पहिली वीस मिनिटं सोडून बाकी तालीम उभ्यानं किंवा खुर्चीच्या कडेवर बसून सुरू केली. दुसरं कारण भूपाच्या चालीतच होतं. चढताना रे-ग ही पायरी लहान पडायची, उतरताना ग-रे मोठी, आणि प्रत्येक चरणात थोडी गळती. फक्त ‘रे ग रे’ एवढाच तुकडा, डोळे मिटून, तानपुऱ्यावर, रोज तीन मिनिटं घेतला.

तिसरं कारण शोधायला वेळ लागला. संयोजक कीबोर्डवर पूर्ण सा-ग-प वाजवायचा आणि त्याच वेळी इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू असायचा. पांढरी ६ चा सा २२० हर्ट्झ धरला, तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार २७५ हर्ट्झच्या आसपास असतो आणि कीबोर्डवरचा २७७ च्या थोडा वर. फरक दिसायला किरकोळ, पण दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोनदा डुलल्यासारखं होतं. शास्त्रीय कान असलेल्या बायका तानपुऱ्याचा गंधार लावायच्या, मुली कीबोर्डचा, आणि मधली ओळ गंधारावर आली की सगळं डगमगायचं. बाई आणि संयोजक यावर आठवडाभर भांडले. तोडगा साधा निघाला: कीबोर्डनं फक्त सा आणि प वाजवायचे, गंधार अजिबात नाही. तो गळ्यातून येऊ द्यायचा. दोन तालमींत मधली ओळ सावरली.

आणि चौथं, पट्टी. काळी ४ सगळ्यांना ‘बरी’ होती, म्हणजे कोणालाच जागं ठेवत नव्हती. अर्धा स्वर चढवून सा पांढरी ६ वर नेला. कागदावर याचं पटेलसं कारण सांगता येत नाही, पण अनेक वृंदांचा अनुभव असा आहे की पट्टी थोडी सरकवली की ठरलेल्या जागी घसरणारा सूर घसरत नाही. पेटीवाले काका कुरकुरले, त्यांची बोटं काळ्या पट्ट्यांवर बसलेली. त्यांना बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येते अशी स्केल चेंजर पेटी आणून दिली.

ध्वनिफिती

प्रत्येक ओळीची ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर पाठवली होती. मधली ओळ सरांनी स्वतः गाऊन पाठवली, म्हणजे अर्थात एक सप्तक खाली. सहाही मुलगे घरी तिच्यावर सराव करून आले आणि सरांच्याच सप्तकात गुरगुरू लागले. दोन आठवड्यांचं काम पाण्यात. ती ओळ वृंदातल्या एका काकूंकडून पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेतली. ज्यांच्यासाठी ओळ आहे त्यांच्याच सप्तकातला आवाज फितीत हवा, ही गोष्ट लिहून ठेवावी इतकी सोपी आहे आणि तरी राहते.

मंच आणि कार्यक्रम

तालीम शाळेच्या सभागृहात व्हायची. खाली शहाबादी फरशी, उघड्या भिंती, सगळं गोड घुमायचं. कार्यक्रम मात्र पटांगणात, आणि उघड्यावर शेजारच्याचा आवाजही नीट येत नाही. म्हणून शेवटच्या तीन तालमी पटांगणातच घेतल्या. तिथे लगेच दिसलं की कडेला उभी केलेली खालची ओळ कोणाला ऐकूच येत नाही. दहा जण मधोमध आणले, बदललेले मुलगे पुढे, पुरुष त्यांच्या मागे. चार रांगा, प्रत्येकी पंधरा, मागच्या दोन नाटकाच्या लेव्हलवर (चौथऱ्यांवर). वर्गातले बाक वापरायची सूचना आली होती, ती फेटाळली. पंधरा जणांच्या वजनाखाली बाक डुगडुगतात.

साउंडवाल्यानं सवयीनं सहा हातातले माइक आणले. त्याला समजावून दुरून आवाज टिपणारे तीन कंडेन्सर माइक लावले: पहिल्या रांगेपासून तीन फूट पुढे, मागच्यांच्या डोक्याच्या उंचीला, एकमेकांपासून साधारण नऊ-दहा फुटांवर. माइक तोंडापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतरावर पुढचा माइक, नाहीतर एकच आवाज दोन माइकांतून मागेपुढे पोचून पोकळ होतो. गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवलेले मॉनिटर स्पीकर मात्र काढायचे राहिले.

ते राहिलं तिथेच घात झाला. सरगम सुरू झाल्यावर दुसऱ्या गटानं मॉनिटरमधून उशिरा येणारा पहिल्या गटाचा आवाज धरला आणि मात्राभर मागे पडला. सरांनी हातानं ठेका दाखवत ओढून आणलं, पण तिसरा गट गोंधळून एक फेरी चुकला. पालकांना कळलं नसेल, तबलजीला कळलं.

अभंग चांगला झाला. सा तिसऱ्या अंतऱ्याअखेर जवळजवळ जागच्या जागी होता. संध्याकाळच्या थंडीत तो किंचित उतरला, पण तानपुऱ्याशी खटकावा इतका नाही. मधल्या ओळीतले सहाही मुलगे शेवटपर्यंत गायले. त्यातल्या एकाचा आवाज शेवटच्या पंधरवड्यात पुरता उतरला होता. त्याला खालच्या ओळीत न हलवता, सा-रे-ग एवढेच स्वर गा आणि वरचे सोडून दे, असं सांगितलं होतं. नवीन ओळ पाठ करायला वेळ नव्हता, आणि मधेच हलवलेला मुलगा दोन्ही ओळी अर्ध्या गातो.

काय वेगळं करता आलं असतं

आवाज तपासणी दोनदाच झाली. या वयाला महिन्या-दीड महिन्यानं एकदा ती हवी, आणि शेवटची कार्यक्रमाच्या महिनाभर आधी. शेवटच्या पंधरवड्यात बदललेल्या मुलाचा आवाज उतरू लागल्याचं कदाचित तेव्हाच लक्षात आलं असतं.

कीबोर्ड की तानपुरा, हा वाद पहिल्या तालमीत व्हायला हवा होता, दिवाळीनंतर नव्हे. बाईंचं मत आजही आहे की कीबोर्ड पूर्ण वगळावा. संयोजकाला वाटतं की मुलींना पहिले दोन महिने कीबोर्डचा आधार हवाच, नाहीतर त्या आजूबाजूच्या बायकांच्या सुराला चिकटतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पुढच्या वर्षी ओळी स्वतंत्र बसेपर्यंत कीबोर्ड, आणि तिन्ही एकत्र आल्यापासून फक्त तानपुरा, असं ठरलं आहे.

पुरुष गळे वाढवायला हवे होते. शाळेतल्या शिक्षकांपैकी, शिपायांपैकी, पालकांपैकी कोणालाच विचारलं नव्हतं. पुढच्या हंगामासाठी पालकसभेतच नावं घेतली आहेत. ऑगस्टमध्ये तीन ओळींची तालीम ठेवायचीच नाही, सप्टेंबर संपेपर्यंत फक्त शब्द आणि ठेका. मॉनिटर लावायचेच असतील तर त्यात वृंदाचा आवाज नाही, फक्त तानपुरा आणि तबला सोडायचा. साउंडवाल्याला हे आदल्या दिवशी कागदावर लिहून द्यायचं.